डोळे मिटायचा तास

चिंचोळीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात आरोग्य आलं ते गाडीत बसून आलं. पांढरी मोठी गाडी, तिच्यावर हसऱ्या बाईचं चित्र आणि खाली लिहिलेलं, की तुमची काळजी हीच आमची काळजी. आम्ही शिलाई खात्यातल्या बायका खिडकीतून बघत होतो आणि एकमेकींना विचारत होतो, ही बाई चिंचोळीच्या उन्हात कधी उभी राहिली असेल का.

खोटं कशाला बोलू, कंपनीच्या त्या आरोग्य कार्यक्रमानं आमचं भलंही केलं. माझ्या अंगात रक्त कमी आहे हे मला त्या गाडीतच कळलं. गोळ्या मिळाल्या आणि जिना चढताना लागायची ती धाप थांबली. उन्हाळ्यात ताक सुरू झालं. बायकांच्या संडासाला कडी बसली. त्या कडीसाठी आम्ही किती वर्षं सुपरवायझरच्या मागं लागलो होतो. लाज वाटते म्हणून मागितली तर मिळाली नव्हती, आरोग्य म्हणून मागितली तर लगेच मिळाली. आमचे टॉवेल घेणारे बाहेरदेशीचे लोक विचारतात म्हणे, की कामगारांसाठी तुम्ही काय करता, म्हणून हे सगळं. कुणासाठी का असेना, कडी बसली ना, मग झालं. मी कुरकुर केली नाही. माझं जे गेलं ते नंतर गेलं.

आमचे हे त्याच कारखान्यात माग चालवायचे. लग्नाआधीपासून मागावरच. आधी शहरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, मग चिंचोळीत हा मोठा कारखाना झाला तेव्हा इथं. ज्यानं मागखातं पाहिलं नाही त्याला तिथला आवाज सांगून कळायचा नाही. दार उघडलं की तो कानावर नाही, छातीवर येतो. शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून मागवाले तोंडातून आवाज काढतच नाहीत. नुसते ओठ हलवतात, आणि ओठांनी सांगून उरलेलं हात सांगतात. चिमटीत धरून ओढल्यासारखं केलं की धागा तुटला. मिशीवरून बोट फिरवलं की सुपरवायझर आला. पहिल्या सुपरवायझरला मिशी होती. नंतरचे सगळे सफाचट आले, तरी खूण तीच राहिली.

हे अक्कलकोटकडचे, यांच्या घरात निम्मं बोलणं कानडी. समोरच्या मागावर यांचा दोस्त, विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. माग दुरुस्त करणारा जॉबर उर्दूवाला. पण खात्यात शिरलं की सगळ्यांची भाषा एकच. यांची आणि त्या दोस्ताची दोस्ती तोंडानं झालीच नाही, हातांनीच झाली. दोघं कधी बाहेर चहाला बसले तर बुजल्यासारखे गप्प बसायचे आणि मग शेवटी हातच हलवायला लागायचे.

आणि हे त्या खात्यातले नामांकित गप्पिष्ट. कालची मॅच, गावाकडचं भांडण, मी करपवलेली आमटी, सगळं हातांनी रंगवून सांगायचे आणि चार माग पलीकडची माणसं पोट धरून हसायची. आमटीचं मला दुपारी कळायचं, कारण मागखात्यातले लोक जेवायला आले की माझ्या डब्याकडं बघून नाकाला पदर लावायची खूण करायचे. घरी येऊन मी भांडायचे. तेही हातांनीच.

मी ती भाषा लग्नानंतर शिकले. आधी गंमत म्हणून, मग सवय झाली म्हणून. दिवाळीत नवी पेठेत मी साडीच्या दुकानाच्या पायरीवर उभी असायचे आणि हे रस्त्याच्या पलीकडं. मी एक साडी अंगाला लावून दाखवायची. हे तिकडून सांगायचे, रंग चांगला हाय, पण तू त्यात आजारी दिसशील. मधून रिक्षा, गाड्या, पोरं खांद्यावर घेतलेली माणसं जात असायची आणि आमचं बोलणं सगळ्यांच्या डोक्यावरून चालायचं. लग्नकार्यात बायका एकीकडं, पुरुष एकीकडं, तरी आमचा संसार सुरूच. जिलेबी संपत आलीय, लवकर बसा, इथपर्यंत. आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे, काय गुणाचं जोडपं आहे, कधी आवाज येत नाही. आम्ही खिडकी लावून मनसोक्त भांडायचो.

ह्यांचे कान कधी गेले ते सांगता येणार नाही. एका दिवसात काही गेले नाहीत. आधी कुकरच्या शिट्ट्या गेल्या, मग दारावरची कडी, मग फोन. फोन वाजला की माझ्या हातात द्यायचे, 'तूच बोल, मला न्हाय जमत' म्हणून. मी ओळखलं, पण बोलले नाही. आमच्यात एक रीत आपोआप पडली. पाठमोरं बोलायचं नाही, स्वयंपाकघरातून हाक मारायची नाही, समोर जायचं, उजेडात उभं राहायचं, मग बोलायचं. नव्या नवरीसारखं नवऱ्याच्या समोर जाऊन उभं राहायचं, या वयात. मला ते आवडायचं, हे आता लिहायला हरकत नाही. दुसऱ्या कुणाचा नवरा बायकोकडं इतका बघत नसेल.

बहिरा हा शब्द आमच्या घरात कधी आला नाही. मागखात्यात तर यायचा प्रश्नच नव्हता. तिथं कुणालाच ऐकू येत नाही. ह्यांच्या वयाचे बहुतेक असेच होते आणि कुणाचं काही अडत नव्हतं. जिथं सगळेच ओठ बघून बोलतात तिथं कान असला काय, नसला काय.

मग एकदा त्या पांढऱ्या गाडीत कान तपासायचं यंत्र आलं. काचेची खिडकी असलेली छोटी खोली, आत एक खुर्ची, कानाला लावायचं काहीतरी, आणि समोर यंत्रावर बसलेली एक पोरगी. आवाज आला की बोट वर करायचं, एवढंच. मी रांगेत ह्यांच्या मागंच उभी होते, त्यामुळं खिडकीतून मला सगळं दिसत होतं.

हे बसले. पोरीनं बटण दाबलं, ह्यांचं बोट वर. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. मला कळेना, ह्यांना ऐकू कसं येतंय. मग माझ्या लक्षात आलं, आणि मला हसूच आलं. हे आवाज ऐकतच नव्हते. हे तिचा हात बघत होते. आयुष्यभर माणसांच्या हातांवर नजर ठेवलेला माणूस, त्याच्यापुढं हात हलवून परीक्षा घ्यायची म्हणजे काय. ह्यांना त्यात लबाडीही वाटली नसणार. समोरच्याचा हात हलला म्हणजे तो बोलला, इतका साधा हिशेब. रांगेतले मागवाले मान डोलवत होते, की बरोबर आहे, असंच तर करायचं असतं.

मग त्या पोरीनं ओढणी सारखी केली, आणि ह्यांचं बोट वर झालं.

ती थांबली. तिनं नाक खाजवलं, मुद्दाम की काय कोण जाणे, आणि पुन्हा बोट वर. पोरगी हुशार होती. ती उठली, ह्यांची खुर्ची हातानं भिंतीकडं वळवली आणि परत जागेवर बसली. ती बटणं दाबत राहिली. हे भिंतीकडं तोंड करून बसले होते, हात मांडीवर, बोट जरा उचललेलं, तयार. ते वर गेलंच नाही. मागं वळून बघायचा त्यांनी एकदा प्रयत्न केला, तेव्हा तिनं प्रेमानं त्यांची मान सरळ केली. मला रांग सोडून आत जावंसं वाटलं. माझं हसू कुठं गेलं ते कळलं नाही.

थोड्याच दिवसांत आम्हा दोघांना ऑफिसात बोलावणं आलं. हा आरोग्याचा कार्यक्रम बघणारे एक साहेब होते, तरुण, पुण्याकडचे. वाईट माणूस नव्हता. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. म्हणाले, डॉक्टरांचा सल्ला आहे, इथून पुढं आवाजात काम नको. उरलेलं तरी वाचवायला हवं. पगार तोच, पद तेच. कॅन्टीनमागं नवीन खोली बांधलीय, ध्यान-विश्रांतीची, तिथं शांतता असते, एसी आहे, झाडं आहेत. काकांनी ती सांभाळायची.

हे सगळं साहेब कॉम्प्युटरकडं बघत बोलले, त्यामुळं ह्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. हे माझ्याकडं वळले. मी हातांनी सगळं सांगितलं. माग बंद, हे सांगायची खूण आमच्यात रोजची होती, पाळी संपताना करायची. ती पहिल्यांदाच मी ऑफिसातल्या खुर्चीत बसून केली.

ह्यांनी कप खाली ठेवला आणि मोठ्यानं बोलले. आपला आवाज केवढा निघतोय ते त्यांना कळायचं नाही, त्यामुळं बाहेरचे लोक वळून बघायला लागले.

"माग सोडला तर मी बोलू कुणासंगं?"

साहेबांना वाटलं, नवीन जागेत ओळखी नाहीत म्हणून म्हणतायत. ते म्हणाले, होतील ओळखी, काका, सगळ्या खात्यांतले लोक तिथं येणार आहेत. मी समजावून बघितलं. म्हटलं, साहेब, ह्यांचं जे जायचं ते गेलंय, आता वाचवायला काही उरलं नाही. पण तिथं हे चांगले बोलतेचालते आहेत, ते तरी राहू द्या. साहेब खरंच वाईट वाटून म्हणाले, की उद्या काही झालं तर जबाबदारी कंपनीची. आणि डॉक्टरचंही चूक नव्हतं. जगात कुठल्याही डॉक्टरनं हेच सांगितलं असतं. सगळे बरोबर होते. मला अजून राग येतो तो याच गोष्टीचा, की कुणाचं डोकं फोडावं असा एकही माणूस त्यात नव्हता.

कंपनीनं ह्यांना कानाचं यंत्रही दिलं, फुकट. ते घातल्यावर ह्यांना बोलणं कळेना, नुसता कालवा ऐकू यायला लागला. म्हणाले, मोरीत भांडी आपटल्यावानी वाटतंय. आतली नसच झिजली असेल तर यंत्र तरी काय करणार, असं डॉक्टर म्हणाले. ते डबीत गेलं ते गेलंच.

ती खोली मात्र छान होती. थंडगार, गालिच्यावर चटया, कोपऱ्यात झाडं, एक बाजू सगळी काचेची. रोज एकेका खात्यानं येऊन थोडा वेळ डोळे मिटून बसायचं. बसलं की बरं वाटायचं, हेही खरं. शिलाई मशीनवर वाकून मान आखडायची ती तिथं सैल व्हायची. माझ्याशेजारी बसणारी तर झोपेची गोळी सोडून शांत झोपायला लागली.

पण ह्यांना तिथं कुणी समोरून बोलत नव्हतं. ऑफिसातली पोरं फोन बघत बघत, काका, एसी वाढवा, म्हणायची. शिलाईतल्या बायकांच्या तोंडाला कापसाच्या धुळीसाठी फडकी बांधलेली. पाठीमागून कुणी काही मागायचं, हे हलायचे नाहीत, मग ते माणूस खांद्यावर टकटक करायचं आणि वेडावल्यासारखे हातवारे करायचं. मागखात्यातले हात वेगळे आणि हे हात वेगळे. काही दिवसांतच ह्यांना एक नाव पडलं, बहिरे काका. प्रेमानंच पडलं. कुणी चिडवत नव्हतं. जो शब्द आम्ही इतकी वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवला होता तो आता हाक म्हणून वापरात आला, आणि ह्यांना तो ओठांवर वाचता यायचा. तेवढा एक शब्द ते कधी चुकायचे नाहीत.

मागखात्यात जायला त्यांना बंदी होती. दारावरच्या वॉचमनला सांगून ठेवलं होतं, काळजीपोटीच. मग तो तेलुगू दोस्त जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमागं यायला लागला. काचेच्या बाहेर तो, आत हे. काच त्यांना आडवी येत नव्हती. मागांच्या गोंगाटातून बोलणाऱ्याला काचेचं काय. दोघं तासन्तास बोलले असते, पण सुट्टी तेवढी नसायची. एकेक करून खात्यातले बाकीचेही यायला लागले. त्या दिवसांत हे घरी येऊन मला सगळ्यांच्या बातम्या सांगायचे, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीचं जमलं. मला वाटलं, चला, निभावलं. माणूस कुठूनही वाट काढतो.

मग कुणीतरी तक्रार केली, की ध्यानाला बसलं की बाहेर माणसं हात हलवत उभी असतात, लक्ष लागत नाही. तक्रार खोटी नव्हती. एका रविवारी त्या सगळ्या काचेवर आतून पांढरा धुरकट कागद चिकटवला, त्याच्यावर मोठं कमळ. सोमवारी दोस्त नेहमीच्या जागी येऊन उभा राहिला असणार. किती वेळ उभा राहिला ते आत कुणाला दिसलं नाही.

त्याच सुमारास ध्यान शिकवायला नवीन बाई आल्या. त्यांचं म्हणणं, खोलीत कुणी उभं राहायचं नाही, काकांनीही सगळ्यांबरोबर बसायचं. त्या दिवशी आमच्या खात्याची पाळी होती. बाईंनी ह्यांना दाराजवळच्या चटईवर बसवलं आणि डोळे मिटायची खूण केली. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्या नजरेचं काय सांगू. ज्याला कानांनी जग नाही, त्याचं सगळं जग डोळ्यांत. ते मिटा म्हणजे अंधारात आणि मुकेपणात एकदमच जा. हे झोपतानाही दिवा चालू ठेवायचे. मी मान हलवून धीर दिला, आणि त्यांनी मिटले.

बाई हळू आवाजात बोलत होत्या, आता आजूबाजूचे आवाज ऐका, श्वास ऐका. शेवटी त्या तशाच हळू म्हणाल्या, डोळे उघडा. सगळ्यांनी उघडले, चटया गुंडाळल्या, चपला घातल्या. हे बसलेलेच. ताठ, हात मांडीवर, चेहरा कोरा. दोघीतिघी हसल्या. बाईंनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं आणि कौतुकानं म्हणाल्या, बघा, किती खोल गेलेत. मी जाऊन ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा ते दचकले नाहीत. डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा मिटले.

तिथून ते रोज बसायला लागले, प्रत्येक पाळीला. सगळ्यांत आधी मिटायचे, सगळ्यांत शेवटी उघडायचे. साहेब खूश झाले. कार्यक्रमाचा फायदा दाखवायला ह्यांचा फोटो काढला, मिटलेले डोळे, शांत चेहरा, मागं ते कमळ. तो मोठा करून गेटवर लावला. येणारे पाहुणे त्याच्यापुढं थांबून बघायचे. मी कामाला जाताना मान खाली घालून जायचे.

मग ते घरीही मिटून बसायला लागले. जेवण झालं की भिंतीला टेकून. आधी मी समोर जाऊन उभी राहायचे, वाट बघायचे. हात लावला की उघडायचे, मी सांगेन ते बघायचे, मान हलवायचे, मिटायचे. दुसऱ्याच्या घरी नवराबायकोत अबोला झाला तरी भिंतीकडं बघून टोमणा मारता येतो. माझ्या घरात तेवढीही सोय नव्हती. डोळे मिटले की दार लागलं.

परवाच्या सुट्टीला दोस्त घरी आला. हातात पिशवी, पिशवीत पेरू. हे मिटूनच बसले होते. मी खांद्याला हात लावला, ह्यांनी डोळे उघडले, आणि त्याला बघून चेहरा असा उजळला की माझ्या जिवात जीव आला. दोस्तानं पिशवी खाली टाकली आणि सुरूच झाला. हात नुसते उडत होते. जॉबरची फजिती सांगितली, हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मग दोस्त मागाचं सांगायला लागला. ह्यांच्या मागावर आता कोण उभं राहतं, तो धागा कसा तोडतो, चिमटी कशी चुकीची करतो, नुसतं कानात गोळे घालून मोबाइल बघतो, कुणाशी बोलतच नाही. नवीन येणारे सगळे तसेच. खात्यात आता आपल्यातले दोघंतिघंच उरलेत बघ. तो हे मायेनं सांगत होता, तुझी आठवण येते म्हणून सांगत होता.

ह्यांनी तेवढं सगळं बघितलं. मग डोळे मिटून घेतले.

दोस्ताचे हात वाक्याच्या मध्येच थांबले. थोडा वेळ तसेच वर राहिले. मग त्यानं ते खाली घेतले आणि कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखे खिशात घातले. मला म्हणाला, "वैनी, ध्यान करतेत काय?"

मी म्हटलं, "व्हय."

तो गेला. मी दार लावून आले आणि ह्यांच्या पुढ्यात बसले. मला राग आला होता, रडूही येत होतं. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि हलवले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. तसेच बोलले, नेहमीसारखे मोठ्यानं, खिडकी उघडी होती तरी.

"र्‍हाऊ दे मला आसंच. उगडले की समदी बोलताना दिसत्यात. मिटल्यावर कुणीच बोलत न्हाय, तवा बरं वाटतंय."

एवढी वर्षं मी त्यांच्यासमोर उजेडात उभी राहत आले होते. त्या बोलणाऱ्यांत मीही होते. मी त्यांचे हात सोडले नाहीत, पण मला सांगायचं होतं ते हात सोडल्याशिवाय सांगता येत नव्हतं, आणि सोडून सांगितलं असतं तर त्यांना दिसणार नव्हतं.